रचकाचा वारसा : जावास्क्रिप्ट भाषेतील एका प्रश्नाचा इतिहास

संगणकाच्या भाषांचा इतिहास बहुधा शोधांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अमुक साली अमुक कल्पना निघाली, तमुक साली ती मानकात समाविष्ट झाली, अशी ती मालिका असते. परंतु एखाद्या भाषेत वर्षानुवर्षे विचारला जाणारा एखादा प्रश्न हाती घेऊन तो मुळात का उद्भवला हे पाहू गेल्यास त्या भाषेच्या घडणीवर कितीतरी अधिक प्रकाश पडतो. जावास्क्रिप्ट ह्या भाषेत असा एक प्रश्न आहे. ‘एका रचकाचा वारसा दुसऱ्या रचकाला कसा द्यावा?’ १९९६ पासून २०१५ पर्यंत ह्या प्रश्नाला इतकी उत्तरे दिली गेली, आणि ती परस्परांशी इतकी विसंगत होती, की त्या उत्तरांचाच एक स्वतंत्र इतिहास होऊन बसला आहे. हा प्रश्न आदिरूपांवर आधारलेल्या भाषेचा स्वाभाविक प्रश्न नव्हेच. आत एका परंपरेची यंत्रणा आणि दर्शनी भागी दुसऱ्या परंपरेचे प्रवेशद्वार, अशी जी बांधणी ह्या भाषेची १९९५ साली झाली, तिच्यातून तो जन्मास आला, असे येथे दाखवावयाचे आहे.

प्रथम परिभाषेविषयी दोन शब्द. ‘ऑब्जेक्ट’ला येथे वस्तु, ‘क्लास’ला वर्ग, ‘फंक्शन’ला फलन, ‘प्रोटोटाइप’ला आदिरूप आणि ‘कन्स्ट्रक्टर’ला रचक म्हटले आहे. रचक म्हणजे नवी वस्तु घडवताना जे फलन चालते आणि तिच्या अंगी आरंभीचे गुण भरते, ते. आदिरूप म्हणजे अशी वस्तु, की जिच्याकडे दुसरी वस्तु, आपल्यापाशी एखादा गुण नसेल तेव्हा, विचारणा करते. ‘वारसा’ हा शब्द मात्र जरा जपून घ्यावयास हवा. आपल्याकडे वारसा म्हटला की वाटणी डोळ्यांपुढे येते : बापाचे शेत मुलाकडे जाते, आणि मग ते बापाचे राहत नाही. आदिरूपाच्या व्यवस्थेत वाटणी नाही. तेथे संपत्ती पूर्वजाकडेच राहते आणि वंशज गरज पडेल तेव्हा मागून घेतो. हे एकत्र कुटुंब आहे. आणि एकत्र कुटुंबाचे सारे लाभ व साऱ्या कटकटी त्यात आहेत.

एका उदाहरणाने हे स्पष्ट होईल. वर्धा जिल्ह्यातील आष्टी ह्या गावाची एक नोंद वस्तुरूपाने केली आहे असे समजा. नोंदीत गावाचे नाव आहे. राज्य कोणते, हे नाही. तिचे आदिरूप म्हणजे वर्धा जिल्ह्याची नोंद, आणि तिचे आदिरूप म्हणजे प्रांताची किंवा राज्याची नोंद. आष्टीला ‘राजधानी कोणती?’ असे विचारले तर ती नोंद स्वतःत पाहते, मग जिल्ह्यात, मग राज्यात. जेथे उत्तर मिळेल तेथे शोध थांबतो. १८६२ साली नागपूरपासून वेगळा झालेला हा जिल्हा मध्य प्रांतात होता. १९५० नंतर तो मध्य प्रदेशात गेला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात आला. ह्या प्रत्येक वेळी आष्टीच्या नोंदीला हात लावावा लागला नाही. जिल्ह्याचे आदिरूप बदलले की खालच्या शेकडो गावांची उत्तरे आपोआप बदलली. बीड जिल्ह्यातील दुसरी आष्टीही, जी तोवर हैदराबाद राज्यात होती, त्याच १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यात आली. दोन निरनिराळ्या साखळ्या एकाच दिवशी एका कडीत येऊन मिळाल्या. उलट, १६ ऑगस्ट १९४२ चा उठाव हा वर्धा जिल्ह्यातील आष्टीचा स्वतःचा गुण आहे. त्यामुळेच ती शहीद आष्टी म्हणून ओळखली जाते. हा गुण जिल्ह्याच्या नोंदीत नव्हे, आष्टीच्याच नोंदीत असावयास हवा. ह्या शेवटच्या वाक्याकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. पुढे त्याचे काम पडणार आहे.

आता इतिहासाकडे वळू. वर्ग आणि उपवर्ग ही कल्पना ऑस्लो येथील नॉर्वेजियन संगणनकेंद्रात उले-योहान दाल आणि क्रिस्टेन न्यूगार्ड ह्यांनी ‘सिम्युला ६७’ भाषेत मांडली. तेथे वर्गाचा देह म्हणजेच चालणाऱ्या आज्ञांची मालिका होती. उपवर्गाची वस्तु घडली की पूर्ववर्गाच्या आज्ञा आधी चालत व मग उपवर्गाच्या. रचक म्हणून वेगळी चीजच नव्हती, म्हणून तिच्या वारशाचा प्रश्नही नव्हता. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात ॲलन के, डॅन इंगल्स, अडेल गोल्डबर्ग प्रभृतींनी रचलेल्या ‘स्मॉलटॉक’मध्ये वाट निराळी होती. तेथे वर्ग ही स्वतःच एक वस्तु. नवी वस्तु हवी तर वर्गाला ‘न्यू’ असा निरोप पाठवावयाचा. स्मॉलटॉक-८० मध्ये प्रत्येक वर्गामागे त्याचा उपरिवर्ग उभा असल्यामुळे वस्तु निर्माण करण्याची ही कृतीदेखील इतर कृतींसारखीच वारशाने उतरे. म्हणजे रचकाचा वारसा खऱ्या अर्थाने प्रथम येथे मिळाला.

बेल प्रयोगशाळेत ब्यार्ने स्ट्रॉस्ट्रुप ह्यांनी घडवलेल्या ‘सी प्लस प्लस’ने मात्र उलट भूमिका घेतली. रचकाचे नाव तेच जे वर्गाचे. आणि रचक वारशाने मिळत नाही. ह्यामागील युक्तिवाद सबळ आहे. उपवर्गाच्या अंगी असे काही घटक असतात की ज्यांची पूर्ववर्गाला वार्ताही नसते. मग पूर्ववर्गाच्या रचकाने उपवर्गाची वस्तु पूर्ण झाली असे कोणत्या अधिकाराने म्हणावे? म्हणून उपवर्गाने आपला रचक आपण लिहावा, आणि त्यातून पूर्ववर्गाचा रचक प्रथम बोलवावा. हीच रीत पुढे जावाने उचलली. सी प्लस प्लसनेही २०११ च्या मानकात पूर्ववर्गाचे रचक उसने घेण्याची एक सोय अखेर दिलीच, ह्यावरून ही गरज किती चिवट आहे ते दिसते.

ह्या वर्गवादी परंपरेला छेद देणारा विचार १९८० च्या दशकाच्या मध्यास पुढे आला. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील हेन्री लीबरमन ह्यांनी १९८६ साली असे मांडले की मनुष्य ‘हत्ती’ ही कल्पना आधी व्याख्येने शिकत नाही. तो एक हत्ती पाहतो, आणि पुढचा हत्ती भेटला की तो पहिल्यासारखाच असेल, जेथे निराळा असेल तेवढेच लक्षात ठेवू, असे धरून चालतो. १९८७ साली डेव्हिड अंगर आणि रँडल स्मिथ ह्यांनी ‘सेल्फ’ ह्या भाषेचे वर्णन प्रसिद्ध केले. सेल्फमध्ये वर्ग नाही, म्हणून रचकही नाही. नवी वस्तु हवी असल्यास जुनीची प्रत काढावयाची आणि तिला एक पालक दाखवून द्यावयाचा, एवढेच. त्याच वर्षी ऑर्लँडो येथील परिषदेत लीबरमन, अंगर आणि लिन अँड्रिया स्टाइन ह्यांनी वर्ग श्रेष्ठ की आदिरूप ह्या वादात समेट केला. दोहोंचे मूल्य निरनिराळ्या प्रसंगी निरनिराळे, असा त्याचा आशय होता. त्याला ‘ऑर्लँडोचा तह’ म्हणतात. तहाच्या भाषेतच बोलावयाचे तर, पुढे जावास्क्रिप्टमध्ये जे घडले तो सीमेवरील प्रदेशाचा इतिहास आहे.

ब्रेंडन आइक हे एप्रिल १९९५ मध्ये नेटस्केप कंपनीत रुजू झाले. ब्राउझरमध्ये ‘स्कीम’ ह्या भाषेचा प्रवेश करून देण्याचे आमिष त्यांना दाखवण्यात आले होते. परंतु मध्यंतरी नेटस्केप आणि सन मायक्रोसिस्टिम्स ह्यांची जावाविषयी बोलणी सुरू झाली, आणि व्यवस्थापनाची आज्ञा बदलली : भाषा दिसण्यात जावासारखी हवी. त्या वर्षीच्या मे महिन्यात दहा दिवसांत पहिले चालते रूप सिद्ध झाले. तिचे नाव आधी ‘मोका’, सप्टेंबरात ‘लाइव्हस्क्रिप्ट’, आणि ४ डिसेंबर १९९५ च्या संयुक्त निवेदनाने ‘जावास्क्रिप्ट’. आइक ह्यांनी स्कीमकडून फलने घेतली, सेल्फकडून आदिरूप घेतले, आणि जावाकडून वेष घेतला. वर्ग मात्र घेता आला नाही, कारण तो घेतला असता तर ही भाषा जावाशी स्पर्धा करते असा आक्षेप आला असता. ती धाकटी, जोडीदार भाषा म्हणून राहावी अशीच अपेक्षा होती. येथे एक मौज नोंदवण्याजोगी आहे. सेल्फचे संशोधन १९९१ पासून सनच्याच प्रयोगशाळेत चालू होते आणि जावाही सनचीच. म्हणजे आतली यंत्रणा आणि बाहेरचा वेष, दोन्ही एकाच घराण्यातून आली, आणि तरी त्यांचे परस्परांशी जमत नव्हते.

विसंगती कोठे होती? जावासारखे दिसावे म्हणून ‘न्यू’ हा शब्द आला, आणि ‘न्यू’च्या पुढे काहीतरी हवे म्हणून साधे फलनच रचक झाले. ‘न्यू’ म्हटले की यंत्र एक कोरी वस्तु निर्माण करते, तिला त्या फलनाच्या ‘प्रोटोटाइप’ नामक गुणात ठेवलेल्या आदिरूपाशी जोडते, आणि मग ती वस्तु ‘धिस’ ह्या नावाने फलनाच्या स्वाधीन करते. (हा ‘प्रोटोटाइप’ गुण आज्ञावलीकारांच्या हाती आला तो ऑगस्ट १९९६ मध्ये निघालेल्या नेव्हिगेटर ३.० मधील जावास्क्रिप्ट १.१ पासून.) म्हणजे एका वस्तूचा वारसा दोन वाटांनी येतो. कृती येतात आदिरूपाच्या साखळीने. आरंभीचे गुण येतात रचक चालल्याने. पहिली वाट सेल्फची, दुसरी जावाची. पहिलीत दुवा जुळवला की काम झाले. दुसरीत मात्र दुवा पुरत नाही. तेथे प्रत्येक नव्या वस्तूसाठी पूर्वजाचे फलन पुन्हा चालवावे लागते, आणि १९९६ च्या भाषेत ते चालवण्याची सरळ सोयच नव्हती.

नेटस्केपने स्वतः जी मार्गदर्शिका प्रसिद्ध केली होती तीत ह्या अडचणीचे जे चित्र उमटले आहे, ते कोणाही टीकाकाराने केलेल्या वर्णनापेक्षा बोलके आहे. तीत ‘एम्प्लॉयी’ हा मूळ रचक आहे. ‘मॅनेजर’ व ‘वर्करबी’ त्याचे वंशज, आणि ‘इंजिनिअर’ व ‘सेल्सपर्सन’ हे वर्करबीचे. वारसा जोडण्याची शिकवलेली रीत अशी : वंशजाच्या ‘प्रोटोटाइप’मध्ये पूर्वजाची एक नवी वस्तु ‘न्यू’ करून ठेवावी, आणि रचकाच्या आत पूर्वजाचे फलन ‘बेस’ अशा नावाने त्या वस्तूलाच चिकटवून मग ‘धिस’वरून ते बोलवावे. पुढे प्रत्येक नोकराला अनुक्रमांक देणारा गणक येतो, आणि घोटाळा उघड होतो. मूळ रचक चालला की गणक एकाने वाढतो. पण आदिरूपे बनवण्यासाठीच तो चारदा चाललेला असतो. परिणामी पहिल्या खऱ्या नोकराला क्रमांक मिळतो पाच! मार्गदर्शिकेने सुचवलेला तोडगा म्हणजे नाव दिले असेल तरच क्रमांक द्यावा. हा इलाज रोगाच्या मुळाशी जात नाही. जी वस्तु केवळ दुवा म्हणून हवी आहे, तिला माणूस म्हणून जन्माला घालावे लागते, हे ते मूळ.

ह्याहून घातक दोष यादीसारख्या गुणांचा. ‘ठिकाण’ ह्या रचकाने प्रत्येक ठिकाणाला घटनांची एक रिकामी यादी दिली, आणि ‘तालुकास्थान’ ह्या वंशज रचकाचे आदिरूप म्हणून एक ‘ठिकाण’ ठेवले, एवढेच करून आपण थांबलो असे समजा. आता आष्टी हे तालुकास्थान घडवले, आणि शेजारचे कारंजा हेही. आष्टीच्या यादीत १९४२ चा उठाव लिहिला. आष्टीपाशी स्वतःची यादी नाही; ती आदिरूपाची यादी मागून आणते आणि तीतच लिहिते. परिणाम असा, की कारंजाची नोंद उघडावी तर तेथेही तोच उठाव. एकत्र कुटुंबाच्या वहीत एका भावाने लिहावे आणि ते साऱ्या भावांच्या नावे चढावे, तसा हा प्रकार. यंत्र कोणतीही चूक दाखवत नाही, आज्ञावली सुरळीत चालते, आणि इतिहास मात्र खोटा होतो. ह्याच कारणास्तव पूर्वजाचा रचक प्रत्येक वंशजासाठी नव्याने चालवणे ही हौस नसून निकड होती.

निम्मे उत्तर १९९९ साली मिळाले. जून १९९७ मध्ये एक्मा ह्या मानक संस्थेने भाषेची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली होती. डिसेंबर १९९९ च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘कॉल’ आणि ‘अप्लाय’ ह्या फलनांच्या कृती प्रमाणित झाल्या. आता पूर्वजाचे फलन कोणत्याही वस्तूवर चालवता येऊ लागले. उरलेले निम्मे, म्हणजे रचक न चालवता आदिरूपाचा दुवा जोडणे, ह्यासाठी लोकांनी एक रिकामे फलन मध्ये घालण्याची युक्ती काढली. २००६ च्या सुमारास डग्लस क्रॉकफर्ड ह्यांच्या लेखनाने ती विशेष रूढ झाली. दरम्यान सॅम स्टीफन्सन ह्यांचे ‘प्रोटोटाइप’ हे ग्रंथालय (२००५), डीन एडवर्ड्स ह्यांचे ‘बेस’ (२००६), जॉन रेसिग ह्यांची २००८ मधील छोटी रचना असे कित्येक प्रयत्न झाले. त्या सर्वांचा परामर्श घेण्याचे कारण नाही, पण एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. पूर्वजाची कृती वंशजाला हवी आहे की नाही हे ओळखण्यासाठी ह्यांतील काही ग्रंथालये फलनाचा मजकूरच अक्षरशः वाचून पाहत. ‘सुपर’ हा शब्द त्यात कोठे आला आहे काय, असा शोध घेत. भाषेने जे द्यावयाचे ते न दिल्यामुळे आज्ञावलीने आज्ञावलीचे हस्ताक्षर तपासावे, ही अवस्था विलक्षण होती.

भाषेत खरे वर्ग आणणारी चौथी आवृत्ती अनेक वर्षांच्या परिश्रमानंतर २००८ साली सोडून देण्यात आली. तो निर्णय ज्या बैठकीनंतर जाहीर झाला, ती त्या वर्षीच्या जुलैमध्ये ऑस्लोला भरली होती. वर्गाचे जन्मगाव तेच. डिसेंबर २००९ च्या पाचव्या आवृत्तीने ‘ऑब्जेक्ट-क्रिएट’ ही कृती देऊन रिकाम्या फलनाची युक्ती अनावश्यक केली. ह्यानंतर एका अर्थाने प्रश्न सुटला असे वाटावयास हवे : दुव्यासाठी ‘क्रिएट’, गुणांसाठी ‘कॉल’. परंतु भाषेतील अंगभूत ‘ॲरे’ला वंशज देऊ पाहणाऱ्यांना कळून चुकले की गाठ अजून सुटलेली नाही. ‘ॲरे’ची ‘लेंग्थ’ घटकांबरोबर वाढते, हा त्या वस्तूच्या प्रकृतीतच असलेला धर्म आहे. वंशजाच्या रचकाला मिळणारी वस्तु मात्र ‘न्यू’ने आधीच साधी म्हणून निर्माण केलेली असते. तिच्यावर ‘कॉल’ने ‘ॲरे’ चालवला तर तो ‘धिस’कडे ढुंकूनही न पाहता एक वेगळाच ॲरे हाती देतो. मडके भाजून झाल्यावर कुंभाराला बोलवावे, तसे हे होते.

म्हणून जून २०१५ च्या सहाव्या आवृत्तीतील ‘क्लास’ ही केवळ जुन्या रीतीवर चढवलेली साखर आहे, हे मत सर्वत्र आढळत असले तरी प्रस्तुत लेखकास ते मान्य नाही. आदिरूपाच्या साखळीपुरते ते खरे आहे. परंतु वस्तु कोण निर्माण करतो ह्या मूलभूत बाबतीत क्रम उलटला. वंशज वर्गाच्या रचकात ‘सुपर’ बोलवेपर्यंत ‘धिस’ अस्तित्वातच नसते; ‘सुपर’ची हाक साखळीने सर्वांत वरच्या पूर्वजापर्यंत जाते, तो वस्तु निर्माण करतो, आणि मग ती घडत घडत खाली येते. म्हणूनच ‘ॲरे’चा वंशज आता खरा ॲरे असतो. हा निर्णय सहज झाला नाही. मसुद्यात बराच काळ वस्तु निर्माण करणे आणि तिच्यात गुण भरणे ह्यांसाठी दोन स्वतंत्र टप्पे होते. अर्धवट घडलेली वस्तु बाहेर पडण्याचा धोका लक्षात आल्यावर ती योजना मानक प्रसिद्ध होण्यास थोडेच महिने उरले असताना बदलण्यात आली. आणखी दोन तपशील जुन्या परंपरांशी ताडून पाहण्याजोगे आहेत. वंशजाने रचक लिहिलाच नाही तर त्याला असा रचक आपोआप मिळतो, की जो आलेली सर्व मूल्ये जशीच्या तशी पूर्वजाकडे धाडतो. जावाचा आपोआप मिळणारा रचक इतका उदार नाही, तो रिकाम्या हातानेच पूर्वजाकडे जातो. शिवाय वंशज वर्ग स्वतः पूर्वज वर्गाला आदिरूप मानतो, त्यामुळे वर्गावर ठेवलेल्या कृतीही उतरतात. ही स्मॉलटॉक-८० ची समांतर साखळी होय. पस्तीस वर्षांनी, आणि बहुतेकांच्या नकळत, परत आलेली.

जुने काही मोडता येत नाही, हे ह्या भाषेवरील कायमचे बंधन आहे. कित्येक वर्षांपूर्वी लिहून ठेवलेली पाने आजच्या ब्राउझरातही उघडली पाहिजेत. २०१८ साली ॲरेच्या आदिरूपात ‘फ्लॅटन’ नावाची कृती घालण्याचा बेत ‘मूटूल्स’ ह्या जुन्या ग्रंथालयावर विसंबलेली पाने मोडतील म्हणून सोडावा लागला आणि तिचे नाव ‘फ्लॅट’ ठेवले गेले. रचकाच्या वारशातही ह्या बंधनाची खूण स्पष्ट आहे. १९९६ च्या रीतीने लिहिलेले फलन आजच्या ‘क्लास’चा पूर्वज होऊ शकते, ‘एक्स्टेंड्स’पुढे त्याचे नाव लिहावे, काम चालते. उलट दिशेने मात्र वाट बंद आहे. जुन्या रीतीच्या वंशजाने नव्या ‘क्लास’ला पूर्वज मानून ‘कॉल’ने बोलवले, तर यंत्र ते नाकारते, आणि ‘न्यू’वाचून हा रचक चालवता येणार नाही असे कळवते.